राक्षसपार्ट कोणी घ्यायचा?

दशावतारी काल्याला बसलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. संकासूर मरणार! वेद चोरून तो कितीही नाचला, काळ्या बुरख्यातून लाल जीभ लोंबवत त्याने पोरांना कितीही भिववलं, तरी विष्णू येणार आणि त्याचा निकाल लागणार. मग आडदशावतार संपून आख्यान सुरू होतं. तिथेही राक्षसपार्ट करणारा नट गर्जना करत येतो, देवळाचं आवार हादरवतो, आणि पहाटे दहीकाला फुटण्याआधी त्याचाही शेवट होतो. म्हणूनच आपल्याकडे राक्षसाचं काम करणाऱ्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. उलट दुसऱ्या दिवशी गावात चर्चा त्याचीच असते.

पण समजा, हा शेवट ठरलेलाच नसता तर? संकासूर करणाऱ्याला सांगितलं असतं, की बाबा वेद चोर, पळ, लप, विष्णूला चकव, जमलं तर जिंकसुद्धा! मग तो काय करील? आणि त्याला जाब कोण विचारील?

असा एक खेळ खरोखरच आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ त्याचं नाव. १९७४ साली तो अमेरिकेत छापून आला आणि जगभरातल्या सगळ्या ‘रोल-प्लेइंग’ खेळांचा तो मूळपुरुष मानला जातो. माझी त्याच्याशी ओळख भाच्यामुळे झाली. तो पुण्याला नोकरीला असतो. शनिवारी रात्री चार मित्रांबरोबर बसून तो हा खेळ खेळतो. चवथीला घरी आला तेव्हा आरत्या झाल्यावर त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं, की सध्या तो मेलेल्यांना उठवून त्यांच्याकडून कामं करून घेणारा एक दुष्ट मांत्रिक ‘खेळतोय’. माझ्या बहिणीचा चेहरा उतरला. नंतर तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “दादा, हे बरं लक्षण नव्हे ना रे?”

उगाच तिची समजूत घालण्यापेक्षा मी या खेळाचा इतिहास वाचायला घेतला. तेव्हा कळलं, की बहिणीला पडलेला प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या पुष्कळ आयांना पडला होता, आणि त्यावरून तिथे मोठं रामायण झालं होतं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी खेळ कसा असतो ते सांगायला हवं. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. ‘डंजन मास्टर’ म्हणतात त्याला. गाव, जंगल, तळघर, त्यांतले राक्षस आणि खजिने हे सगळं त्याच्या डोक्यात आणि त्याच्या वहीत. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार म्हणतो, “समोर बंद दार आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतोय.” खेळाडू आपण काय करतो ते सांगतात, आणि जिथे यश-अपयशाचा प्रश्न येतो तिथे फासे टाकतात. झालं! लिहिलेले संवाद नाहीत. दशावतारातही लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि संवाद नट रंगमंचावर उभे राहून रचतात. तसंच हे. फरक एवढाच, की इथे आख्यानसुद्धा आधी पूर्ण ठरलेलं नसतं.

आता या खेळात दुष्टपणा कुठून आला ते पाहू.

१९७१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातले गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाची नियमपुस्तिका काढली. शिशाचे सैनिक मांडून मध्ययुगीन लढाया खेळण्याचे हे नियम. पुस्तिकेच्या शेवटी चेटके, ड्रॅगन वगैरे घेऊन लढण्याची पुरवणी होती. त्यात कोणता प्राणी कोणत्या सैन्यात याची यादी दिली होती: ‘लॉ’, ‘न्यूट्रल’ आणि ‘केऑस’. म्हणजे नियम, तटस्थ आणि अंदाधुंदी. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांमधून आलेली. लक्षात घ्या, इथे ‘केऑस’ हा कोणाचा स्वभाव नाही. ती पटावरची एक बाजू आहे. बुद्धिबळात काळी मोहरी घेणाऱ्याला आपण काळ्या मनाचा म्हणत नाही, तसंच.

त्याच सुमारास शेजारच्या मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन हा तरुण ‘ब्लॅकमूर’ नावाचा खेळ आपल्या मित्रांना खेळवत होता. त्याच्याकडे काही खेळाडू सरळ वाईट बाजूने खेळत. त्यांतल्या एकाचं पात्र होतं सर फँग. हा पुढे रक्तपिपासू व्हँपायर झाला आणि इतका प्रबळ झाला, की बाकीच्यांना त्याच्यापुढे टिकाव धरता येईना. आर्नेसनने त्याला खेळातून काढून टाकलं नाही, की ‘असं खेळू नकोस’ म्हणून दटावलंही नाही. त्याने दुसऱ्या एका खेळाडूला व्हँपायरला हुसकावू शकणारा धर्मोपदेशक दिला. मृतयोनींना हुसकावून लावणारा ‘क्लेरिक’ हा या खेळातला प्रकार तिथून निघाला. आज हा खेळ खेळणाऱ्या पुष्कळ टोळ्यांत जखमा बांधणारा, भुतं पळवणारा एक क्लेरिक असतो. तो खेळात आला एका दुष्ट पात्रामुळे, ही गंमत मला फार आवडली. संकासूर होता म्हणून मत्स्यावतार झाला, त्यातलाच हा प्रकार.

लेक जिनिव्हात गायगॅक्सच्या टेबलावर रॉब कुंट्झ हा त्याचा तरुण मित्र ‘रॉबिलार’ नावाचं पात्र खेळत असे. रॉबिलार स्वार्थी, बेडर, आणि चांगल्या मंडळींपेक्षा रानटी ऑर्क लोकांना हाताशी धरणारा. बऱ्याचदा तो एकटाच तळघरात शिरे. एका मोहिमेत त्याने दुष्ट शक्तींचं एक मंदिर लुटलं आणि तिथे कोंडून ठेवलेल्या राक्षसीला मोकळं केलं. परिणाम काय झाला? चांगल्या बाजूचे लोक त्याच्या पाठीस लागले आणि रॉबिलारला आपला किल्ला सोडून पळावं लागलं. कुंट्झला कोणी खेळायला येऊ नको म्हटलं नाही. त्याच्या पात्राने मात्र केल्या कर्माची किंमत मोजली.

म्हणजे सुरुवातीच्या काळात दुष्टाला जाब विचारण्याचं काम टेबलावरची माणसंच करत होती. एकाने आग लावली की दुसरा पाणी घेऊन येई. पण हे जमत होतं, कारण सगळे एकमेकांना ओळखणारे होते.

जानेवारी १९७४ मध्ये खेळ छापला गेला. पहिल्या आवृत्तीच्या फक्त एक हजार प्रती होत्या. पुढे तो कॉलेजांमध्ये आणि अनोळखी घरांमध्ये पसरला. आता लेक जिनिव्हाची ओळखपाळख कुठून आणणार? मग काम नियमपुस्तकावर आलं. १९७५ च्या पुरवणीत पॅलाडिन हा धर्मयोद्धा आला. त्याने एक जरी ‘केऑटिक’ कृत्य केलं तरी त्याची खास शक्ती जायची. त्याच वर्षी दुसऱ्या पुरवणीत मारेकरी आला, आणि १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये तर मारेकरी दुष्टच असला पाहिजे असा नियम झाला. ठरवलेल्या स्वभावाबाहेर वागून तो बदलावा लागला, तर कमावलेली एक पायरी गमवायची, असा दंड १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात आला.

या दरम्यान गायगॅक्सने एक महत्त्वाचं काम केलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याने एका लेखात दाखवून दिलं, की नियम पाळणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने दोन रेषा आखल्या. एक नियमनिष्ठ ते स्वैर, दुसरी चांगला ते दुष्ट. त्यांतून पुढे नऊ चौकटींचा प्रसिद्ध तक्ता झाला. आपल्याला हे समजायला जड नाही. १८५२ साली सत्तरीत उठाव करणारे दीपाजी राणे पोर्तुगीज सरकारच्या लेखी कायदा मोडणारे बंडखोर, आणि आपल्यासाठी वीर. उलट, नियमावर बोट ठेवून गरिबाचा गळा कापणारा ‘नियमनिष्ठ दुष्ट’ कोणत्याही कचेरीत जाणाऱ्या माणसाला ओळखीचा असतो. मी स्वतः सरकारी कारकून असल्यामुळे अधिक बोलत नाही!

तक्ता सुंदर होता, पण त्यातून एक अडचण निर्माण झाली. प्रत्येक खेळाडूकडे आपल्या पात्राचा एक कागद असतो. त्यावर नाव, बळ, बुद्धी, शस्त्रं आणि त्यातच एक रकाना ‘अलाइनमेंट’चा, म्हणजे पात्राच्या कलाचा. रकान्यांशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून सांगतो. रकाना एकदा भरला की माणूस त्याच्या आड लपायला शिकतो. कोणीतरी सोबत्याच्या झोपेत त्याची थैली मारतो, शरण आलेल्याला उगाच ठार करतो, आणि बाकीचे चिडले की कागद पुढे करतो: “मी काय करू? माझं पात्रच तसं आहे!” या एका वाक्याने जेवढे खेळ मोडले तेवढे ड्रॅगनने मोडले नसतील, असं जुने खेळाडू सांगतात. बाजू होती तोवर समोरून उत्तर येत होतं. बाजूचा स्वभाव झाला, आणि स्वभावाला औषध नाही ही म्हण खेळाडूंच्या उपयोगी पडली.

आणि मग बाहेरचं जग जागं झालं. ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला सोळा वर्षांचा एक विद्यार्थी नाहीसा झाला. त्याला शोधायला नेमलेल्या खाजगी गुप्तहेराने तर्क मांडला, की हा खेळ खेळता खेळता तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या नळांच्या भुयारात हरवला असावा. वर्तमानपत्रांनी ते उचललं. खरं कारण मुलाच्या मनःस्थितीत होतं, खेळाचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण हे लोकांना कळेपर्यंत फार उशीर झाला. १९८१ मध्ये त्यावर बेतलेली कादंबरी आली, १९८२ मध्ये दूरदर्शनपट आला. त्यात तरुण टॉम हँक्सने काम केलं आहे. १९८३ मध्ये मुलाच्या मृत्यूने खचलेल्या एका आईने या खेळाविरुद्ध ‘बॅड’ नावाची संघटना काढली. १९८५ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात खुद्द गायगॅक्सला उत्तरं द्यावी लागली. पोरं टेबलावर बसून राक्षसांशी बोलतात, दुष्टांची कामं करतात, म्हणजे ती दुष्ट होणार, असं ते सरळ गणित होतं.

त्या आईच्या दुःखाची थट्टा करावी असं मला मुळीच वाटत नाही. पोर गेल्यावर माणूस कारण शोधतो, आणि घरात सापडलेलं अनोळखी पुस्तक हे हाताशी असलेलं कारण असतं. पण १९९० मध्ये मायकल स्टॅकपोल या लेखकाने संघटनेचे दावे एकेक करून तपासले, तेव्हा त्यांत फारसं तथ्य उरलं नाही.

तोवर प्रकाशक घाबरला होता. टीएसआर या कंपनीने आपल्या लेखकांसाठी आचारसंहिता केली. दुष्टपणा कधी आकर्षक दाखवायचा नाही, आणि त्याचा पराभव व्हायलाच हवा. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून मारेकरी गेला, अर्धा-ऑर्क गेला. ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच काढून टाकले. पुढे तेच प्राणी ‘तानारी’ आणि ‘बाटेझू’ अशी नावं घेऊन मागच्या दाराने परत आले, ही गोष्ट वेगळी. थोडक्यात, संकासूर मेलाच पाहिजे असा हुकूम निघाला. पण दशावतारात तो मरतो तो हुकमाने नव्हे. पाहणाऱ्याला ती कथा माहीत असते, तिच्यात त्याची श्रद्धा असते. इथे नुसताच हुकूम होता. घरोघरच्या टेबलांवर तो कोण पाळणार? लोक जुनी पुस्तकं काढून खेळत राहिले.

त्याच काळात संगणकावरच्या खेळात एकाने वेगळी वाट शोधली. रिचर्ड गॅरियट हा ‘अल्टिमा’ या मालिकेचा कर्ता. त्याच्या आधीच्या खेळांत लोक दुकानं लुटत, गावकऱ्यांना मारत, कारण जिंकायला ते सोयीचं होतं. पालकांची रागाची पत्रं त्यालाही आली. त्याने १९८५ च्या चौथ्या भागात शेवटी मारायचा खलनायकच ठेवला नाही. त्याऐवजी आठ सद्गुण ठेवले, आणि खेळाडू कसा वागतो याची नोंद गुपचूप होत राहील अशी योजना केली. त्यात आंधळे दुकानदार आहेत. त्यांच्या हातावर किती पैसे ठेवायचे ते खेळाडूनेच ठरवायचं. कमी दिले तरी कोणी ओरडत नाही. फार पुढे गेल्यावर कळतं, की ते कुठेतरी लिहिलं गेलं होतं! या खेळाच्या नावात ‘अवतार’ हा आपला शब्द आहे आणि तो गॅरियटने हिंदू कल्पनेवरूनच घेतला. चित्रगुप्त मात्र त्याने नाव न घेता आणला, असं माझं मत.

यानंतर संगणकाला चित्रगुप्ताचं काम सोपवणं ही रूढीच झाली. २००३ च्या ‘स्टार वॉर्स’वरच्या एका खेळात तर उजेडाचे आणि काळोखाचे गुण मोजले जात. पण जाब नसताना, पडद्यापुढे एकटे बसलेले लोक काय निवडतात? ‘मास इफेक्ट’ या खेळावर काम केलेल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने २०२० मध्ये सांगितलं, की सुमारे ९२ टक्के खेळाडूंनी भला मार्ग घेतला होता. दुष्टपणाचा मार्ग लिहायलाही बरीच मेहनत घेतली होती, पण त्यावरून फारसं कोणी चाललंच नाही! बहिणीला मी हा आकडा सांगितला तेव्हा तिने एवढंच विचारलं, “म्हणजे आमचाच त्या आठांतला?”

टेबलावरच्या खेळाचं पुढे काय झालं? १९९७ मध्ये टीएसआर ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत मारेकरी परतला, आणि २००२ मध्ये दुष्टपणावरच एक आख्खं पुस्तक निघालं. त्यावर ‘प्रौढांसाठी’ असा शिक्का होता. २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं, की ऑर्क किंवा ड्राउ यांच्यासारख्या जमाती यापुढे जन्मानेच दुष्ट दाखवल्या जाणार नाहीत. त्यावरून तिकडे बरेच वाद झाले. आपल्या पुराणांना हे कधीचं ठाऊक आहे. प्रल्हाद दैत्यकुळातला आणि बिभीषण रावणाचा सख्खा भाऊ!

पण माझ्या मते सगळ्यांत मोठा बदल पुस्तकातल्या राक्षसांत झाला नाही. तो खेळायला बसण्याच्या रीतीत झाला. हल्ली पुष्कळ टोळ्या पहिल्या दिवशी फासे टाकतच नाहीत. नुसत्या बोलत बसतात. कोण काय खेळणार, दुष्ट पात्र चालेल का, चालेल तर ते सोबत्यांवर उलटेल का, कोणत्या गोष्टी टेबलावर आणायच्याच नाहीत. याला ‘सेशन झिरो’ म्हणतात, म्हणजे शून्याची बैठक. २०२० च्या एका अधिकृत पुस्तकात तिला जागा मिळाली. वाईट पात्र घेणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारतात: तुझा हा दुष्ट माणूस आमच्याबरोबर का राहील? याचं उत्तर ज्याच्याकडे असतं त्याचं पात्र रंगतं. त्याचा भाऊ टोळीत असेल, तो कोणाचा ऋणी असेल, किंवा त्याला हवी ती गोष्ट एकट्याने मिळणार नसेल. उत्तर नसेल तर पात्र बदलावं लागतं. २०२३ मध्ये गाजलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकावरच्या खेळातही हेच सूत्र आहे. आश्रयाला आलेल्या लोकांची कत्तल केलीत, तर तुमचे काही सोबती तुम्हाला सोडून चालते होतात. आकाशातून वीज पडत नाही. फक्त रात्रीच्या शेकोटीभोवती माणसं कमी होतात.

म्हणजे पन्नास वर्षं फिरून हा खेळ पुन्हा आर्नेसनच्या टेबलाशी आला. नियमपुस्तकाने दंड करून पाहिला, प्रकाशकाने शब्द खोडून पाहिले, यंत्राने गुण मोजून पाहिले. शेवटी दुष्टाला जाब विचारायला सोबत बसलेली माणसंच लागली.

तेव्हा ज्यांच्या घरात असा एखादा मांत्रिक किंवा मारेकरी वाढतो आहे, त्यांनी कागदावरचा तो रकाना बघून घाबरू नये. गावच्या नाटकात खलनायक करणारा माणूस खाली उतरल्यावर सगळ्यांबरोबर भजी खातो की नाही, एवढंच आपण आजवर पाहत आलो. इथेही तेच पाहावं. कोणाबरोबर खेळतो, ते त्याला काही बोलू शकतात का, आणि बोलले तर तो ऐकतो का. खेळ संपल्यावर पुढच्या शनिवारचं आमंत्रण त्याला येत असेल, तर राक्षसपार्ट चांगला वठतोय असं समजावं.